दांडी कुठल्या हाताला?

"खुर्ची चालवायची दांडी उजवीकडेच बसवू ना, काका?" बॅटरीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्यांच्या दुकानदारानं विचारलं.

"डावीकडे बसवा," म्हातारे घड्याळजी ऐटीत म्हणाले. "उजवा हात चहाच्या कपाला मोकळा हवा. पाय गेले म्हणून काय झालं, आता एकट्यानं राजासारखा हिंडणार मी!"

दुकानदार हसला, सोबत आलेली त्यांची मुलगीही हसली. थाप पचली म्हणून घड्याळजी मनातून खूश झाले. केसाएवढी स्प्रिंग चिमटीत धरणारा त्यांचा उजवा हात आता साधं बटणही धरेना, याचा त्यांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आज सकाळीसुद्धा मुलीला "चष्मा सापडत नाहीये गं, बटणं तूच लाव" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती.

डाव्या हातानं दांडी ढकलत त्यांनी नमुन्याची खुर्ची पार दुकानाच्या टोकापर्यंत नेली आणि लहान पोरासारखी गर्रकन वळवली. खुर्चीला आवाज म्हणून नव्हता. ते पाठीमागे येऊन थांबले तरी मुलीला कळलं नाही.

ती दुकानदाराला हळूच विचारत होती, "हनुवटीनं चालवायची दांडी पुढे कधी याच खुर्चीला बसेल ना? डॉक्टर म्हणालेत, डावा हातही फार टिकणार नाही. आत्ता मात्र ते म्हणतात तशीच बसवा. बाबांना यातलं काही माहीत नाही."

घड्याळजींना तेव्हा कुठे आठवलं, सकाळी ती बटणं लावत होती तेव्हा चष्मा त्यांच्या नाकावरच होता.