फोन करणाऱ्याचं नाव

रविवारी सकाळी जिन्याखालचा फोन वाजला तेव्हा धाकटी वर न्हाणीत कपडे पिळत होती. घरमालकिणीनं रिसीव्हर उचलला, क्षणभर ऐकलं आणि तो हवेत धरून ओरडली, "तुझाच गं! आणखी एक नवा!"

धाकटी ओल्या हातांनीच धावत खाली आली. इथे तिला धाकटी कुणी म्हणत नसे. शिवणकारखान्यात ती काजांच्या मशीनवरची बाई होती. धाकटी ती घरी, हजारो मैलांवर; वडिलांची म्हणजे तात्यांची, दादाची आणि अक्काची.

घरमालकीण लोकर गुंडाळत तिथेच बसून राहिली. तिला या फोनांचं मोठं कोडं होतं. तीन वर्षांत या मुलीला किती पुरुषांचे फोन आले, आणि हिनं एकेकाला दारातूनच वाटेला लावलं! श्रीयुत पत्रमिळालं. श्रीयुत मुलगीझाली. मध्यंतरी एक श्रीयुत लाइटआली होते, त्यांनी तर लागोपाठ दोनदा केला. कुणाशी दोन शब्द बोलेल तर शपथ.

युक्ती दादाची. परदेशात फोन करायचा म्हणजे मिनिटामिनिटाला खिसा कापला जायचा. पण एक सोय होती. फोन करणाऱ्यानं ऑपरेटरला आपलं नाव सांगायचं, मग ऑपरेटर पलीकडे विचारायची की अमक्यांचा फोन आहे, बिल तुम्ही भरणार का? नाही म्हटलं की फोन बंद, आणि दमडीही कुणाला पडत नसे. दादानं नावाच्या जागी निरोपच सांगायला सुरुवात केली. धाकटीनं नाही म्हणायचं. तो 'नाही' लाइनवर थांबलेल्या दादाला ऐकू जायचा, आणि तेवढ्यावरून तो ओळखायचा की पोरगी बरी आहे, दमलीय, की सर्दीनं बेजार आहे. पुढच्या पत्रात तसं लिहायचाही. 'तुझा मागचा नाही घसा बसल्यासारखा वाटला. आलं खा.'

"परदेशातून फोन आहे," ऑपरेटर बाई नेहमीच्या गोड, सपाट आवाजात म्हणाली. प्रत्येक 'त'चा तिनं 'ट' केला, पण नाव कळलं. "श्रीयुत तात्यागेले बोलू इच्छितात. बिल आपण भरणार का?"

धाकटीला हसूच फुटलं.

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशन अक्काच्या शहरात व्हायचं, आणि तात्या काही घराचा उंबरा सोडायला तयार नव्हते. दोन वर्षं सगळ्यांनी नाकदुऱ्या काढल्या. 'या खेपेला उचलून गाडीत घालतो,' दादानं गेल्या आठवड्यातल्या पत्रात लिहिलं होतं, 'आणि गाडी हलली की तुला फोन करतो.'

"गेले एकदाचे!" ती मराठीतच ओरडली, दादाला नीट ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं. "सुटलास रे बाबा!" मग हसत हसतच ऑपरेटरला म्हणाली, "नाही. बिल नाही भरणार."

एवढ्यावर फोन खट्कन बंद व्हायचा. आज झाला नाही.

"बाई," ऑपरेटर म्हणाली. तिचा आवाज आता सपाट नव्हता. "क्षमा करा. हे सांगणं माझं काम नाही, आमच्या नियमातही बसत नाही. पण श्रीयुत तात्यागेले रडताहेत."

धाकटीला आधी उमगलंच नाही. तात्या कशाला रडतील, ऑपरेशनला घाबरून? मग ध्यानात आलं, फोनवर तात्या कुठले? फोनवर दादा आहे. बापाला गाडीत बसवून दिलं म्हणून कुणी रडतं का? तेच दोन शब्द होते, काना-मात्रेचाही फरक नव्हता. तिनं ते मनाशी पुन्हा म्हटले, आणि जिन्याचा कठडा घट्ट धरला. हातावरचं साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, तेही तिला कळलं नाही.

"काय गं?" घरमालकिणीनं लोकरीचा गुंडा बाजूला ठेवला. "काय म्हणतोय हा? त्रास देतोय का?"

धाकटीनं मान हलवली. हो की नाही, तिलाच ठाऊक नव्हतं.

"भरते," ती फोनमध्ये म्हणाली. "बिल मी भरते. जोडा. लवकर जोडा."

कुठेतरी खटका पडला. समुद्राच्या गाजेसारखा आवाज आला, आणि त्या आवाजात कुणीतरी हुंदका गिळला.

"दादा," ती म्हणाली. "दादा, कधी रे?"

"पहाटे. चहा ठेवायला उठले होते." मिनिटं जात होती. ती मोजायचं दोघांनाही सुचलं नाही. तीन वर्षांत तिनं दादाचा आवाज ऐकला नव्हता. तो आता जाड झाला होता, थोडा तात्यांसारखा.

"धाकटे," अखेर तो म्हणाला, "तू हसलीस का गं?"