बोटीची सर्दी

चार-सहा महिन्यांनी बोट यायची आणि तिच्या मागोमाग बेटावर घरोघरी सर्दी. तुआनेचं एकच फुफ्फुस उरलेलं. आता सर्दी झाली तर तो वाचायचा नाही, असं नर्सने बजावलं होतं. म्हणून या खेपेला तेपाएरूने नवऱ्याला घरात कोंडून घातलं. अन् नेमका याच बोटीने नऊ वर्षांनी त्यांचा मुलगा पुनुआ आला, तोही दोन दिवसांसाठी. रीतीप्रमाणे नाकाला नाक लावून भेटायला तो धावला, तर तिने त्याला कुंपणापाशीच अडवलं. "पाया पडते पोरा, लांबूनच बोल. मला झाली की ह्यांना होईल."

बोट गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तुआने शिंकला.

"अहो, बाहेर कधी गेला होतात?"

"तू नारळ आणायला गेलीस तेव्हा. मागच्या खिडकीतून."

तिच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. "नाक लावलंत त्याला?"

"लावलं."

तेपाएरू त्याच्या शेजारी मटकन बसली. मग डोळे मिटून तिने आपलं नाक त्याच्या नाकाला टेकवलं.

"हलू नका," ती म्हणाली. "मला माझ्या पोराला भेटू द्या."