चार नंबर

फळी तिसऱ्यांदा खड्ड्यात पडली तेव्हा चार नंबरने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, तुम्हाला डिग्र्या दिल्या तरी कुणी?"

नौदलात अधिकारी व्हायला आलेले ते आठजण. सगळे इंजिनिअर. छातीवर कापडी नंबर, आणि पाच दिवस तेच नाव. काम म्हटलं तर सोपं होतं: एक फळी, एक दोरी, एक पिंप, आणि जमिनीला पाय न लावता सगळ्यांनी खड्डा ओलांडायचा. परीक्षक साहेब वही घेऊन बाजूला उभे. ते पहिल्या दिवसापासून कुणाशी धड बोलले नव्हते.

चार नंबर विद्यापीठात पहिला आलेला. बाकीच्यांना त्याने पहिल्याच दिवशी जोखून टाकलं होतं. दोन नंबर बोलताना अडखळायचा, म्हणून तो तोतऱ्या. सहा नंबर अंगाने भारी, म्हणून तो पोतं. उरलेले तर टोपणनाव ठेवण्याच्याही लायकीचे नव्हते. असल्यांच्या हाती जहाज दिलं तर बंदरातच बुडवतील, हे त्याचं ठाम मत होतं.

"फ... फळी खड्ड्यातल्या त्या खांबावरून लावली तर?" तोतऱ्या म्हणाला.

"तू आधी वाक्य पुरं कर. मग फळी लाव."

कुणी हसलं नाही. विनोद कळायलाही अक्कल लागते.

दोन मिनिटांनी चार नंबरने हुकूम सोडला, "त्या खांबावरून लावा!" फळी बसली. तो सगळ्यात आधी पलीकडे गेला आणि कमरेवर हात ठेवून मागच्यांना सूचना देऊ लागला. पोतं मात्र शेवटपर्यंत फळीचं टोक दाबून बसलं होतं. सगळे पार झाल्यावर ते गुडघे सोलून घेत कसंबसं आलं, तर बाकीच्यांनी त्याला मिठ्याच मारल्या. काय ते कौतुक! हमालीची हौस असते एकेकाला.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. आपल्याबद्दलच लिहिलं असणार, अशी चार नंबरला खात्री होती.

संध्याकाळी बाकीचे सातजण पायरीवर खिदळत बसले. त्याने ताईला फोन लावला.

"ताई, सगळा गाळ भरलाय इथे. बरंच झालं म्हणा, गाळात मी उठून दिसतो."

"अरे, पण त्यांच्यात जरा मिसळतोस ना?"

"मी इथे सोयरीक जमवायला आलेलो नाही."

"मागच्या दोन्ही वेळेला तू हेच म्हणाला होतास, बाळा. आता भरतीचं वय संपतंय. ही शेवटचीच."

"पहिल्या वेळेला परीक्षक बिनडोक होते. दुसऱ्या वेळेला माझा गटच भिकार होता. त्यात माझी काय चूक?"

"बरं. जेवलास का?"

कारखान्यातली नोकरी सोडून तो वर्षभर ताईच्या पुढच्या खोलीत राहिला होता. पहाटे धावायचं, आरशासमोर बसून मुलाखतीची उत्तरं घोकायची, दुपारी परीक्षेतल्यासारखी ताईने समोर चित्रं धरायची आणि त्याने चार मिनिटांत गोष्ट लिहायची. भावोजींनी एका शब्दाने विचारलं नव्हतं, की हे किती दिवस चालायचं. ते न विचारणंच त्याला जास्त टोचायचं. आता रिकाम्या हाताने त्या घरात पाऊल टाकणं त्याला शक्य नव्हतं.

पाचव्या दिवशी आठहीजण बॅगा घेऊन हॉलमध्ये बसले. या हॉलची रीत त्याला पाठ होती. ज्याचा नंबर वाचला जातो तो पुढे वैद्यकीय तपासणीला जातो, उरलेले घरी. दोन्ही वेळा तो उरलेल्यांत होता. दोन्ही वेळा शेवटचा नंबर वाचून झाल्यावरही तो कान देऊन बसला होता.

साहेब कागद घेऊन आले.

"आजची यादी छोटी आहे. नंबर ऐकला की सामान घेऊन पुढे या."

तोतऱ्याने डोळे मिटले. पोतं नखं खाऊ लागलं.

"चार," साहेब म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.

एकच! आठांत एक! चार नंबर ताडकन उठला. छाती भरून आली, डोळे भरून आले. ताईला पहिला फोन, मग भावोजींना स्वतः सांगायचं, अगदी सावकाश. बाकीचे माना खाली घालून बसले होते. त्यांच्याकडे बघून त्याला क्षणभर दयाही आली.

"मनाला लावून घेऊ नका," बॅग खांद्यावर टाकत तो म्हणाला. "नौदल सगळ्यांनाच झेपतं असं नाही. तुमच्याजोगती कामं निघतातच कुठे ना कुठे."

तोतऱ्या उठून पुढे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "अ... अभिनंदन," तो म्हणाला आणि हात पुढे केला. चार नंबरने त्यात दोन बोटं दिली.

साहेब दार उघडून उभे होते.

"चार नंबर, तुम्हाला स्टेशनवर सोडायला गाडी आली आहे," ते म्हणाले, आणि उरलेल्या सातजणांकडे वळले. "तुम्ही चला माझ्याबरोबर. डॉक्टर वाट बघताहेत."