दुसरी ओळ

आश्रुबा बुवानं आपलं गाठोडं ट्रॉलीत दोरीच्या बाजा आणि शेळ्यांच्या मधे कोंबलं. एकतारी तेवढी हातात ठेवली. जन्मात कधी कोयता न धरलेला माणूस साठीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाला होता.

"बुवा, कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी," बंकट मुकादम आदल्या दिवशी म्हणाला होता. "तुमी तर एकलेच."

"मला ऊस न्हाई तोडायचा बाबा. पाचटाच्या कोप्यांवर बसतो, लेकरं राखतो, सांजच्याला गाणं म्हणतो. पण मला हितं ठेवू नको."

पाऊस दोन वर्षं रुसलेला. विहिरींत तळाचे दगड दिसत होते, टँकर मनात येईल तेव्हा यायचा आणि दिवाळी सरताच हातीपायी धड माणूस सहकारी कारखान्याच्या फडावर चालला होता. पण बुवाला दुष्काळाचं भ्या नव्हतं. त्याला भ्या होतं ते स्वतःच्या घराचं. उन्हाळ्यात बायको गेली, छबूबाई, आणि तेव्हापासून बुवा देवळाच्या ओट्यावरच निजायचा. घराला कुलूप.

ट्रॅक्टर रीतीप्रमाणे कडुलिंबाखाली थांबला. झाडाच्या एका अंगाला विठोबाचं देऊळ, दुसऱ्या अंगाला पीरसाहेबाचा दर्गा. इकडे नारळ फुटायचा, तिकडे ऊद जळायचा आणि मग बुवाचं गाणं झाल्याशिवाय चाक हलायचं नाही. गाणं बुवानंच रचलेलं. शब्द भजनाचे, चाल कव्वालीची. देवळातले म्हणायचे, ह्यात पीर कावून घुसवला? दर्ग्यातले म्हणायचे, विठू कावून आणला? आणि दोघंही घरी जाताना तेच गुणगुणायचे. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर हिरवा रुमाल, अशा थाटात बुवानं ते कपिलधारच्या जत्रेपासून लांबलांबच्या उरसांपर्यंत मिरवलं होतं. मोठा हिंडफिऱ्या माणूस. महिना महिना घराकडे फिरकायचा नाही.

गावात असला की पहिली ओळ त्याची, दुसरी छबूबाईची. तिच्यामागं बाया झील धरायच्या.

नारळ फुटला. बुवानं तार छेडली.

"विठू काळा, पीर हिरवा, मधी आमचं गाव..."

आणि तो थांबला. कोणीच उचललं नाही. एक शेळी ओरडली. दुसरी ओळ आपणच म्हणून टाकावी, असं बुवाच्या मनात आलं, पण ती त्यानं कधी म्हटलीच नव्हती. त्यानं पुन्हा पहिलीच ओळ म्हटली.

तेव्हा ट्रॉलीतून छबूबाईमागं झील धरणाऱ्या कडूबाईचा जाडाभरडा आवाज आला आणि तिच्यामागं सगळ्या बाया लागल्या.

"वाट चुकल्या धन्याला घर त्याचं दाव..."

बुवानं तारेवर हात ठेवला.

"कडूबाई, चुकलीस. 'वाट चुकल्या ढगाला शेत आमचं दाव.' मी रचलंय ते. ह्यात धनी कुठून आला?"

एका बाईनं तोंडाला पदर लावला. कडूबाईला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण आता काही इलाज नव्हता.

"तोंडात बसलंय बुवा, निघून गेलं," ती हळूच म्हणाली. "तुमी गावात असले की छबूबाई ढगाचं म्हणायची. तुमी हिंडायला गेले की दर जुमेरातीला हितं दिवा लावायची आन् हे म्हणायची. आमी झील धरायचो."

"दर जुमेरातीला? दर गुरवारी?"

"देवळापुढं म्हणायची, मंग दर्ग्यापुढं म्हणायची. कुणीतरी ऐकंल म्हणायची."

मुलखाला गाणं ऐकवत बुवा हिंडला होता आणि त्याच्याच गाण्यात कोणी त्याला हाका मारत होतं. त्या हाका सगळ्या गावानं ऐकल्या होत्या, त्यानं सोडून.

बंकटनं हॉर्न वाजवला. "चला बुवा, बसा. कारखान्याचा बॉयलर पेटलाय, आज पोचायचंय."

बुवा ट्रॉलीजवळ गेला. कडूबाईनं वर घ्यायला हात पुढं केला. त्यानं तो धरला नाही. बाजांच्या मधून आपलं गाठोडं ओढून काढलं.

"बुवा, गावात कुत्रं बी ऱ्हाणार न्हाई," बंकट म्हणाला. "एकले काय करताल?"

"जाय बाबा तू. लेकरं सांभाळ."

ट्रॅक्टर निघाला. बाया बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. धुरळा खाली बसेपर्यंत बुवा झाडाखालीच उभा राहिला. मग गाठोडं काखेत मारून तो गल्लीत शिरला. दोन्ही बाजूंना कुलपं, कड्यांना बांधलेल्या दोऱ्या, रिकाम्या दावणी.

घराच्या कुलपाला गंज चढला होता. किल्ली दोनदा अडकली, तिसऱ्यांदा फिरली. त्यानं दार ढकललं, चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यात उभं राहून आतल्या अंधाराला म्हणाला,

"आलो गं."