बावीस दिवसांची दाढी

वस्तरा गालाला टेकला, तसा फाउस्तोने तावोचा हात धरला.

"थांब. एक चेंडू बघू दे."

"बावीस दिवस बघतोच आहेस," तावो म्हणाला. तो गावातला न्हावी, आणि फाउस्तोचा सख्खा मेहुणा. "सहाला लग्न आहे. काय ते ठरव. मी माझा कोट इस्त्री करून ठेवलाय."

खिडकीत रेडिओ खरखरत होता. पेलिकन संघाच्या बेसबॉल सामन्यात नऊपैकी पाचवा डाव चालू होता, आणि रिवाजाप्रमाणे पेलिकन दोन धावांनी मागे होते. बावीस दिवसांपूर्वी फाउस्तोने भर चौकात डॉमिनो खेळायच्या टेबलावर मूठ आपटून नवस केला होता. पेलिकनचा एक तरी गडी चेंडू कुंपणापार मारेपर्यंत दाढीला वस्तरा लावायचा नाही! त्याला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. पण संघाच्या लाकडी बॅटींनाही गंज चढला. दाढी छातीकडे निघाली तरी चेंडू काही कुंपणाकडे जाईना.

"काढून घ्या यांच्या बॅटी!" तो रोज रेडिओवर खेकसायचा. "केळी ठेचायला तरी कामाला येतील!"

"आधी तू एक केळं सोलून दाखव," त्याची बायको नुर्का स्वयंपाकघरातून म्हणायची.

हे सगळं चाललं असतं. पण काल यारित्साने, त्याच्या एकुलत्या एक लेकीने, निक्षून सांगितलं, "पप्पा, हे जंगल घेऊन आलात, तर मी तावोमामाचा हात धरून चर्चमध्ये जाईन." आणि आज सकाळपासून तिच्या नटायच्या खोलीचं दार बंद होतं. पोरगी जन्मली त्या दिवसापासून फाउस्तो तिचा हात धरून चर्चमध्ये शिरायची वाट बघत होता. नवस मोडला तर संघाचं वाटोळं, पाळला तर त्याचं.

रेडिओवर पेलिकनचा आणखी एक गडी बाद झाला. फाउस्तोने डोळे मिटून घेतले.

"चालव वस्तरा. पेलिकन गेले खड्ड्यात. माझी पोरगी मोठी."

तावोने उजवा गाल साफ केला. फेस पुसला. डाव्या गालाला साबण लावणार, तोच रेडिओ किंचाळला. गेला! कुंपणापार गेला! शेजारपाजारची पातेली वाजायला लागली. नुर्का उलथनं हातात घेऊनच नाचत बाहेर आली. सगळे अजून एकमेकांना मिठ्या मारत होते, तेवढ्यात पुढच्याच गड्याने दुसरा चेंडूही कुंपणापार टोलावला, म्हणजे दुसरी धाव. बरोबरी!

मग गल्ली एकदम गोठली. संघ मारायला लागला की जो जसा असेल त्याने तसंच राहायचं, नाहीतर नशीब फिरतं, हे आमच्या बानी गावात रांगत्या पोरालाही कळतं. समोरची म्हातारी एक पाय पायरीवर, एक खाली, अशी उभी राहिली. नुर्काचं उलथनं हवेतच थांबलं.

फाउस्तोला मात्र आनंदाने कशाचंच भान उरलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"फिटला रे नवस! तावो, डावा गाल घे. चकाचक कर. माझ्या पोरीला बाप शोभला पाहिजे!"

तावोने साबण लावला आणि वस्तरा उचलला.

धाडकन दार उघडलं. पांढऱ्या झग्यात, अर्ध्या केसांना अजून कुरळे करायच्या गुंडाळ्या, यारित्सा धावत आली आणि तिने मामाचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. तिच्या कानातून रेडिओची बारीक तार लोंबत होती.

"खबरदार मामा! अजून चार डाव बाकी आहेत." मग बापाच्या दंडात हात घालून ती म्हणाली, "चला पप्पा. आहात तसेच चला."