कोपऱ्यातलं ग्लिटर

"हे ग्लिटर काढून टाका. त्याच्यामागे माझी आत्या आहे," लग्नाच्या अल्बममधल्या फोटोवर बोट ठेवत मृदुला फोटो स्टुडिओतल्या डिझायनरला म्हणाली.

आत्याच्या चेहऱ्यावर कोड होतं, म्हणून ती जन्मभर फोटोपासून लांब राहिली. मृदुलाच्या लग्नात मात्र फोटोसाठी हौसेनं तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. सासरचे नावं ठेवतील म्हणून मृदुलानंच अल्बम करताना सांगितलं होतं, "आत्या आहे त्या कोपऱ्यावर कॉम्प्युटरवर चमचमतं ग्लिटर टाका. नवरीकडे येताना विरळ होत जाऊ दे."

काल आत्या गेली. हार घालायला एकही फोटो नव्हता.

"ग्लिटर फोटोतच पक्कं झालंय, ताई. मूळ फोटो उरला नाही," डिझायनर हळहळला.

ग्लिटर विरत गेलं होतं तिथे, मृदुलाच्या खांद्यावर, आत्याची बोटं तेवढी दिसत होती. तेव्हा अल्बम पाहून आत्या एवढंच म्हणाली होती, "किती सुंदर दिसतेस गं!"