चुलीचा शॉट

"हे काढा," शेठ म्हणाले आणि अनंताने कात्री उचलली.

सुगंधाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. गोरेगावच्या त्या स्टुडिओत त्या कामगारांचं जेवण रांधायच्या. कटिंगच्या खोलीत तुमचं काय काम, असं त्यांना कुणी विचारलं नाही. कात्री धरलेला हात त्यांच्या पोराचा होता आणि कात्रीखाली आलेलं चित्र त्यांचं स्वतःचं.

पडद्यावरची आई होणारी बाई ऐनवेळी तापाने पडली, तेव्हा दिग्दर्शक मार्तंडरावांनी सुगंधाबाईंना रांधता रांधता उठवून नेलं होतं. "नवऱ्याला आत्ताच नेलंय. आत यायचं, उंबऱ्यावर कोसळायचं, रडायचं." एवढंच सांगितलं होतं. बाई आत आल्या. भिंतीशी बसलेल्या लहान पोरीकडे त्यांनी एकदा पाहिलं. पदराने तोंड पुसलं, उकिडव्या बसल्या आणि चूल पेटवली. फुंकणीने फुंकली, वर मडकं चढवलं. रडल्या नाहीत. मार्तंडरावांनी कॅमेरा थांबवला नव्हता.

"अख्ख्या पिक्चरमध्ये एवढंच खरं आहे, शेठ," मार्तंडराव आता म्हणाले.

"खरं?" चंद्रप्रकाश शेठ हसले. पिक्चर गावोगाव लावायचं त्यांच्या हातात होतं. "ज्या घरातून प्रेत उठलं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटते? जेवण भाऊबंद आणतात, शेजारी आणतात. सगळ्यांना ठाऊक आहे. पब्लिक शिट्ट्या मारेल. म्हणेल, नवरा गेला नि हिला भूक लागली."

सुगंधाबाईंना रीत शिकवायला आजवर कुणी धजलं नव्हतं. मोठेमोठे नट त्यांच्या पंगतीत ताटात शीत टाकत नसत.

"शेठ, तुमच्या घरात चुलीला हात कोण लावतं?"

"महाराज आहे आमच्याकडे."

"मग चुलीचं तुम्ही नका सांगू."

मार्तंडरावांनी हसू दाबलं. शेठनी घड्याळ पाहिलं. "अनंतराव, लॅबची गाडी खाली उभी आहे."

अनंत आईकडे वळला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "आई, शेठ बरोबर बोलतायत गं. बाबा गेले तेव्हा धाकूकाकांकडूनच आलं ना आपल्याला जेवण? तूच तर सांगतेस. कॅमेऱ्यापुढे गडबडलीस, झाली चूक. त्यात काय एवढं."

फिल्मचे तुकडे उडू नयेत म्हणून पंखा बंद होता. बाईंच्या गळ्यावरून घाम उतरत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दर दिवाळीला अनंत नवं धोतर घेऊन धाकूकाकांकडे जायचा, पायावर डोकं ठेवायचा. येत्या वैशाखात त्याच्या लग्नात बापाच्या जागी पाटावर तेच बसायचे होते.

"चूक नाही झाली," त्या म्हणाल्या. "मी पेटवली होती."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू पाच वर्षांचा होतास. शेजारणी म्हणाल्या, सख्खा दीर दोन घरं टाकून राहतो, पहिला घास त्याच्या घरचा, आपण मध्ये कशाला पडायचं. आणि दिराने दार आतून लावून घेतलं. एकदा जेवण दिलं की विधवा नि पोर कायमची गळ्यात पडतील म्हणून. दिवे लागेपर्यंत वाट बघितली मी त्या दाराची. मग पेटवली चूल."

"तू तर म्हणायचीस..."

"म्हणायचे. बापामागे कुणी आपलं आहे असं वाटायला नको पोराला?"

शेठनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. बोलले ते मघापेक्षा मऊ.

"बाई, तुम्हाला खोटं कोण म्हणतंय? पण हे सांगायला तुम्ही काय प्रत्येक खेळाला पडद्याशेजारी उभ्या राहणार?"

मार्तंडराव खिडकीबाहेर पाहू लागले. तेही आता शॉटसाठी भांडणार नाहीत, हे तेवढ्यावरून सुगंधाबाईंना कळलं. अनंत मात्र कात्री तशीच धरून बसला होता.

"काप," त्या म्हणाल्या. "हात हलू देऊ नकोस. पुढचं चित्र खराब होईल."

त्याने कापलं. पट्टी वेटोळी घेत खालच्या कपडा लावलेल्या टोपलीत पडली. दोन टोकं खरवडून त्याने चिकटवली. आता नवऱ्याला नेल्यावर लगेच बागेतलं गाणं सुरू होत होतं. शेठनी ते एकदा यंत्रावर चालवून पाहिलं, मान डोलावली, आणि फिल्मचा डबा घेऊन ते नि मार्तंडराव खाली गेले.

अनंत उठला नाही.

"काकांना मी पाटावर बसवणार नाही," तो म्हणाला.

"बसव. लोकांना तेवढंच दिसू दे. मांडवात माझ्या घराची शोभा नको."

"आणि तू?"

"मी पंगत बघीन. नेहमीसारखी."

खालून गाडी सुटल्याचा आवाज आला. सुगंधाबाईंनी पदर खोचला. दारापर्यंत गेल्या, तेव्हा त्याने मागून विचारलं,

"मग त्या दिवशी मी काय जेवलो?"

"पेज. मीठ घालून."

"रडत होतो?"

"छे," त्या म्हणाल्या. "दोनदा मागून घेतलीस."